वाचकांचे प्रश्न: केवळ खाण्यासाठी परदेशी जायचे तर

गेल्या अंकात या सदरासाठी ‘खाद्यप्रवास’ या विषयावर प्रश्न मागवले होते. पत्रे भरपूर आली आणि त्यांतील निम्म्यांची मागणी एकच होती, ती म्हणजे जगातील उत्तम दहा ठिकाणांची यादी द्यावी. तशी यादी येथे दिलेली नाही. इंदूरला पाहुणा येणार असला की आपण त्याला नुसते ‘सराफ्यात जा’ असे सांगत नाही. रात्री सराफांची दुकाने बंद झाल्यावर जा, गराडू खायचा असेल तर थंडीत ये, आणि पोहे-जिलबी हवी असेल तर सकाळी लवकर ऊठ, असे बजावतो. परदेशातील शहरांनाही हाच न्याय लागू आहे. ठिकाणाइतकीच वेळ, ऋतू आणि आपले पथ्य यांची सांगड महत्त्वाची असते, आणि ती प्रत्येकाची वेगळी असल्यामुळे उत्तरेही वेगवेगळी आहेत.

प्रश्न: आम्ही दोघेही निवृत्त आहोत, वय 62 आणि 66. पूर्ण शाकाहारी आहोत, चातुर्मासात कांदा-लसूणही खात नाही. बारा दिवसांसाठी खास खाण्याच्या निमित्ताने परदेशी जावे असे मनात आहे. जपान, थायलंड आणि इटली अशी तीन नावे सुचवली गेली आहेत. कोणता देश निवडावा? (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर: आपल्याला सुचवलेले तिन्ही देश खाण्यासाठी नावाजलेले आहेत, पण आपल्या पथ्याला तिन्ही ठिकाणी एकच अडचण येईल: मांस किंवा मासळी ताटात दिसत नाही, ती मुळात मुरलेली असते. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेले ‘दाशी’ हे पाणी बहुधा कोंबू नावाचे समुद्री शेवाळ आणि सुकवून किसलेला बोनिटो मासा यांपासून काढतात. त्यामुळे वरून निर्मळ दिसणारी भाजी आणि सूपही निरामिष नसते. इटलीत हीच अडचण चीजमध्ये दडलेली असते, ती पुढे मिलानच्या प्रश्नात आली आहे. थायलंडमध्ये मिठाच्या जागी माशांचा खारट रस पडतो. बँकॉकच्या पहिल्या फेरीत मी ‘मांस नको’ एवढेच सांगून कच्च्या पपईची कोशिंबीर मागवली आणि दोन घास खाल्ल्यावर दाताखाली सुकी कोळंबी आली. विक्रेतीची काहीच चूक नव्हती. तिच्या लेखी कोळंबी मांसात मोडत नव्हती. तिथे ‘मांस नको’ ऐवजी ‘जे’ हा शब्द वापरायला हवा होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. ‘जे’ म्हणजे चिनी बौद्ध पथ्याचे जेवण, ज्यात कांदा-लसूणही चालत नाही, आणि अशा गाड्यांवर पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत तो शब्द लिहिलेला असतो. साधारण ऑक्टोबरच्या सुमारास येणाऱ्या नऊ दिवसांच्या शाकाहार उत्सवात या पताका गल्लोगल्ली दिसतात. थायलंडलाच जायचे ठरले तर तोच काळ साधावा.

माझे मत विचाराल तर आपण तैवानला जावे. तेथे बौद्ध आणि ताओ परंपरेमुळे शाकाहार हा रोजच्या व्यवहाराचा भाग आहे, अनेक शाकाहारी खानावळींच्या पाटीवर उलट्या दिशेचे स्वस्तिक असते, आणि पाकीटबंद पदार्थ शाकाहारी म्हणून विकायचा असल्यास तो पाच प्रकारांपैकी कोणत्या प्रकारात बसतो हे छापावे लागते: निव्वळ वनस्पतिजन्य, दूध असलेला, अंडे असलेला, दोन्ही असलेला, आणि कांदा-लसूण वर्गातील उग्र भाज्या असलेला. चातुर्मास पाळणाऱ्या माणसाची एवढी काळजी घेणारा दुसरा परदेश माझ्या पाहण्यात नाही. तैपेईत दुपारच्या वेळी अशा खानावळीत मांडलेल्या भाज्यांतून हवे ते आपल्या हाताने वाढून घ्यावे, ताट काट्यावर ठेवावे आणि वजनाप्रमाणे पैसे द्यावे, अशी सोय पुष्कळ ठिकाणी आहे. संध्याकाळी रात्रबाजारात आल्याच्या पाकातले सोयाबीनचे मऊ दही खावे, आणि ‘आयु’ हा पदार्थ चुकवू नये. एका जंगली अंजिराच्या बिया कापडी पुरचुंडीत बांधून थंड पाण्यात चोळतात, पाणी पिवळसर होते आणि विस्तव न लावता काही वेळात आपोआप थिजते. त्यावर लिंबू आणि पाक घालून देतात. मात्र तेथील प्रसिद्ध ‘दुर्गंधी टोफू’ शाकाहारी समजून घेऊ नये. त्याच्या आंबवणीत पुष्कळदा कोळंबी किंवा मांस असते, त्यामुळे स्वस्तिकाची पाटी पाहूनच तो घ्यावा.

थोडे धाडस करायची तयारी असेल तर दुसरा पर्याय इथिओपियाचा, आणि तो मला व्यक्तिशः अधिक प्रिय आहे. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक ईस्टरनंतरचे पन्नास दिवस सोडले तर वर्षभर दर बुधवारी व शुक्रवारी उपवास करतात, ईस्टरपूर्वी तर सलग 55 दिवस, आणि त्यांच्या उपवासात मांस, दूध, तूप, अंडी यांपैकी काहीही चालत नाही. त्यामुळे अदिस अबाबामधील साध्या भोजनालयातही या दिवशी ‘येत्सोम बेयायनेतू’, म्हणजे उपवासाचे सर्व प्रकारचे ताट, मागता येते. टेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ दोन-तीन दिवस आंबवून केलेली, आंबोळीसारखी जाळीदार आणि परातीएवढी मोठी ‘इंजेरा’ अंथरलेली असते. तिच्यावर तिखट मसूर, हळद घातलेली वाटाण्याची डाळ, पालेभाजी, बीट-बटाटा असे ढीग मांडलेले असतात, आणि मध्यभागी ‘शिरो’. नावावरून गोड वाटेल, पण हे भाजून मसाले घालून दळलेल्या हरभऱ्याचे किंवा अन्य कडधान्याचे पीठ शिजवून केलेले सरळसरळ पिठले असते. मातीच्या लहान भांड्यात ते रटरटत येते आणि आपण परक्या देशात आहोत हे क्षणभर विसरायला होते. कांदा-लसूण मात्र तेथे मुबलक असतो, तेव्हा चातुर्मास टाळावा. देशाच्या काही भागांतील अशांतता पाहता मुक्काम अदिस अबाबापुरता ठेवावा. शिवाय इथिओपियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र लागते. ती लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि साठीनंतर ती घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला आवश्यक असतो. आपले वय लक्षात घेता हा मुद्दा तिकिटे काढण्याआधीच तपासावा.

जपानचा मोह सुटत नसेल तर एक मार्ग आहे. वाकायामा प्रांतातील कोयासान या डोंगरावरच्या मठांत यात्रेकरूंना राहता येते आणि तेथे भिक्षूंचे ‘शोजिन र्योरी’ हे निरामिष जेवण मिळते. दोन रात्री तेथे राहावे. रात्रीचे जेवण साडेपाच-सहालाच वाढले जाते, हे आपल्या वयाला सोयीचेच आहे.

प्रश्न: मी सर्व काही खातो. मिळून सात दिवसांची रजा आहे. सिंगापूर, मलेशिया आणि थायलंड असे तीन देश एका सहलीत होतील का? (विजय नगर, इंदूर)

उत्तर: होतील, पण त्यांतील दोन दिवस विमानतळावर जातील आणि तेथे मिळणारे सँडविच इंदूरलाही मिळते. सात दिवस एकाच शहरासाठी ठेवा आणि माझे ऐकाल तर ते शहर मलेशियातील पिनांग बेटावरचे जॉर्ज टाउन असू द्या. 2008 मध्ये मलाक्कासह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेले हे जुने बंदर मलय, चिनी आणि तमिळ स्वयंपाकांच्या शेजारावर पोसलेले आहे. ‘नासी कांदार’ या नावातला कांदार म्हणजे खांद्यावरची कावड: तमिळ मुसलमान विक्रेते एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला कालवणे अशी कावड घेऊन बंदरात फिरत असत. आता कावड गेली, नाव राहिले. भातावर दोन-तीन कालवणे मुद्दाम एकमेकांत मिसळून घ्यायची असतात, त्यामुळे वाढणाऱ्याचा हात अडवू नका.

आता घड्याळाचा मुद्दा. सकाळी कॉफीबरोबर ‘रोटी चनाई’ डाळीशी खावी. दुपारी ‘आसाम लक्सा’ शोधावा. आसाम म्हणजे चिंच, आपल्या आसामशी त्याचा संबंध नाही. बांगड्याच्या जातीच्या माशाचे आंबट-तिखट पाणी, जाड शेवया, वर आल्याच्या कुळातील एका फुलाच्या चिरलेल्या पाकळ्या आणि शेवटी कोळंबीच्या काळ्या पाकाचा चमचा असा तो प्रकार पहिल्या घासाला गोंधळात टाकतो आणि तिसऱ्या घासाला जिंकतो. दिवेलागणीनंतर ‘चार क्वे त्याव’च्या गाडीसमोर उभे राहावे. चांगला कारागीर एका वेळी एकच बशी परततो. कोळशाची आच, कढईत डुकराची चरबी, तांदळाच्या रुंद पट्ट्या, कोळंबी, शिंपल्या, अंडे, मोड आलेले मूग. दीड-दोन मिनिटांत काम आटोपते आणि पट्ट्यांच्या कडा किंचित करपलेल्या असतात. तो करपट वासच त्या पदार्थाचा प्राण आहे, म्हणून दहा बशा एकदम उतरवणाऱ्या दुकानापेक्षा अर्धा तास रांग असलेली गाडी बरी. दुपारी बंद दिसलेली जागा रात्री गजबजलेली आढळेल. सराफ्याच्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

सिंगापूर त्या मानाने शिस्तीचे. तेथील रस्त्यावरचे फेरीवाले 1986 पर्यंत सरकारने बांधलेल्या छताखालच्या केंद्रांत हलवले गेले, आणि या खाद्यसंस्कृतीला 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. टेबलावर कागदी रुमालाचे पाकीट दिसले तर ती जागा धरलेली आहे असे समजावे, आणि जेवण झाल्यावर ताट स्वतः उचलून ठेवावे; 2021 पासून ते न ठेवणाऱ्यावर कारवाई होऊ शकते.

प्रश्न: मुलगी मिलानमध्ये स्थायिक आहे. तिच्या सुट्टीमुळे ऑगस्टमध्ये जाणार आहोत. शाकाहारी आहोत, चीज चालते. इटलीत काय खावे? (राजेंद्र नगर, इंदूर)

उत्तर: जमल्यास ऑगस्ट बदलून ऑक्टोबर करावा. 15 ऑगस्टच्या ‘फेर्रागोस्तो’ सणाच्या आगेमागे मिलानमधील चांगली, घरगुती भोजनालये मालकांच्या सुट्टीमुळे बंद असतात आणि पर्यटकांसाठी चालवलेली तेवढी उघडी राहतात.

चीज चालते असे आपण लिहिले आहे, म्हणून एक गोष्ट सांगणे भाग आहे. पार्मेझान म्हणून आपण ओळखतो त्या मूळच्या पार्मिजानो रेज्जानोचे दूध वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटनेच फाडले जाते, तसा नियमच आहे. पेस्तो चटणीतही ते असते. चालत असेल तर प्रश्न नाही. चालत नसेल तर नेपल्सचा ‘मारिनारा’ पिझ्झा मागवा, ज्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल एवढेच असते. सुमारे 485 अंशांच्या लाकडी भट्टीत तो दीड मिनिटाच्या आत भाजून निघतो, मधोमध ओलसर राहतो, आणि तो कच्चा राहिला अशी तक्रार करू नये. मिलानहून रेल्वेने जेनोवा जवळ आहे. तेथील ‘फारिनाता’ म्हणजे बेसनाचे धिरडेच, फक्त ते तव्याऐवजी तांब्याच्या मोठ्या परातीत भरपूर ऑलिव्ह तेल घालून भट्टीत भाजतात आणि वर मिरपूड भुरभुरतात. गरमच खावे, गार झाले की त्यात राम राहत नाही.

प्रश्न: मला भुट्ट्याचा कीस अतिशय आवडतो. मक्याच्याच ओढीने मेक्सिकोला जाणे वेडेपणाचे ठरेल का? (सुदामा नगर, इंदूर)

उत्तर: मुळीच नाही, परंतु कीस विसरून जावे. कीस कोवळ्या कणसाचा असतो, तर मेक्सिकोचे सारे वैभव वाळलेल्या मक्यात आहे. ते दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवतात, साल सुटली की धुऊन वाटतात आणि त्या उंड्यापासून तोर्तिया थापतात. आपल्या पानाला लागतो त्याच जातीचा हा चुना. त्यामुळे दाण्यातील नायासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. युरोपने मका नेला पण चुन्याची रीत नेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या तेथील गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला. ओआहाका शहरात राहावे, सकाळच्या बाजारात निळ्या मक्याची तोर्तिया तव्यावरून उतरताच खावी. शाकाहारी असल्यास घेवड्याच्या उसळीत आणि तामालेसमध्ये डुकराची चरबी आहे का, हे दर वेळी विचारावे.

प्रश्न: तारांकित महागड्या उपाहारगृहात एकदा तरी जेवावे का? (तिलक नगर, इंदूर)

उत्तर: परवडत असेल तर एकदा, आणि तेही दुपारी, तेच स्वयंपाकघर दुपारचे ताट पुष्कळदा बऱ्याच कमी दरात देते. तारे देणारी मिशेलिन ही मुळात टायरची कंपनी आहे, तिची पुस्तिका 1900 साली मोटारवाल्यांसाठी निघाली आणि तारे 1926 पासून आले. 2016 मध्ये सिंगापूरच्या दोन साध्या गाड्यांनाही एकेक तारा मिळाला होता, हे ध्यानात असू द्यावे.

प्रश्न: सोबत घरचे काय नेता येईल? (महू)

उत्तर: शेव, चिवडा, खाकरे सहसा अडत नाहीत. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई असल्याने पेढे आणि तूप नेऊ नये. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू उतरताना लिहून जाहीर करावी लागते. सर्वांत मोठी खबरदारी मात्र खसखशीची. मंदसौर-नीमचच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या माळव्यात ती वाण्याकडे सहज मिळते, पण संयुक्त अरब अमिरात आणि सिंगापूर येथे तिच्यावर बंदी आहे, आणि दुबईला केवळ विमान बदलायचे असले तरी ती सामानात असणे धोक्याचे आहे. सुटी पुडी आपण नेणार नाही हे खरे, पण घरच्या गोड्या मसाल्यात ती बहुधा भाजून घातलेली असते. तेव्हा डबा भरण्यापूर्वी मसाला कुणी आणि काय घालून केला आहे, ते घरात विचारून घ्यावे.