जोड वरून चकचकीत, आतून कुजका: दोष प्रायमरचा नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडीच्या दाराखालचा सिल, म्हणजे पत्र्याची पोकळ पेटी, कापून नवा बसवला, मिग वेल्डच्या (तार वितळवून जोडायच्या) आधी दोन्ही पत्र्यांना झिंकचा वेल्ड-थ्रू प्रायमर, म्हणजे ज्याच्यावरूनच वेल्ड करतात तो, दोन हात मारला, वरून पुट्टी, प्रायमर, रंग सगळं रीतसर केलं आणि तरी दहा महिन्यांत जोडाच्या रेषेवर फोड आले. तर मग कुठला प्रायमर घ्यायला हवा होता?

प्रायमरचा डबा बदलून हे थांबणार नाही. आधी एक फोड उकरा आणि खालच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. पत्रा टणक असेल आणि फक्त वरून तपकिरी झाला असेल तर पाणी वरून, पुट्टीतून गेलंय. टोक आत घुसलं तर गंज सिलच्या पोटातून निघून बाहेर आलाय. तुमच्या वर्णनावरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

झिंकचं गणित समजून घ्या. पोलाद वितळतं साधारण १५०० अंशांना, झिंक ९०७ अंशांनाच उकळून वाफ होतं. म्हणजे मिगचा ठिपका पडतो तिथलं आणि त्याच्या आजूबाजूचं झिंक धूर होऊन जातं. जिथे संरक्षण हवं नेमकं तिथेच ते उरत नाही. वर ती वाफ वितळलेल्या धातूतून बाहेर पडताना बारीक भोकं ठेवून जाते. तुम्ही दोन हात मारलेत, त्यामुळे वाफही जास्त आणि भोकंही जास्त. ग्राइंडर फिरवल्यावर जोड गुळगुळीत दिसतो, पण उजेड मागून धरला तर चाळणी दिसेल. हा प्रायमर खरा शोभतो स्पॉट वेल्डला, म्हणजे दोन पत्रे चिमटून विजेने ठिपक्यात जोडतात त्याला. तिथे उष्णता छोट्या जागेत राहते, पत्रे दाबाखाली असतात आणि ठिपक्याभोवती झिंक शिल्लक राहून स्वतः झिजत पोलादाला वाचवतं. मिगच्या प्लग वेल्डला, म्हणजे वरच्या पत्र्यातलं भोक भरून खालचा जोडतात त्याला, मी तो पातळ एकच हात मारतो आणि भोकाच्या आतला, जिथे ठिपका पडणार तेवढा भाग खरवडून पत्रा उघडा करतो. आणि तो पांढरा धूर छातीत घेऊ नका. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, मी दोनदा भोगलंय.

आता मागची बाजू. वेल्ड करताना पुढे तुम्ही हात फिरवू शकता, पण त्याच वेळी पाठीमागे कारखान्यात बसवलेला थर जळून खपल्या होतो. तिथे उघडं, भाजलेलं पोलाद राहतं. शिवाय एकावर एक ठेवलेल्या दोन पत्र्यांमधली फट पाणी ओढते, वातीत तेल चढतं तसं. त्यात रस्त्यावरचं मीठ किंवा चिखल आला की काम झालं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो पत्रे एकमेकांपासून उचलतो, फट वाढते, पाणी आणखी जातं. रंगावरचा फोड हा या सगळ्याचा शेवटचा अंक.

म्हणून सिल बंद करण्याआधीच ठरवायचं की नंतर आत गंजरोधक मेण कुठल्या भोकातून जाणार. नव्या सिलच्या आतल्या बाजूला दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर मारून घ्या, फक्त वेल्डची पट्टी मोकळी सोडा. वेल्ड थंड झाल्यावर घासा, पण एकाच जागी ग्राइंडर दाबून पत्रा निळा करू नका. मिगच्या रेषेवर काचेसारखे तपकिरी ठिपके दिसतात, ते तारेतल्या सिलिकॉनचे. प्रायमर त्यांच्यावर धरत नाही, ते टिचकन उडतात आणि खाली उघडा पत्रा सोडतात. तारेच्या ब्रशने ते काढाच. मग एका फडक्याने डिग्रीझर लावा आणि तो वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्या. त्यानंतर उघड्या हाताने पत्र्याला शिवायचं नाही, घामातलं मीठ पुरतं.

यावर इपॉक्सी, दोन हात. आम्लाचा एच प्रायमर (पत्रा किंचित खाऊन पकड घेणारा) आणि इपॉक्सी एकावर एक आणू नका. उरलेलं आम्ल इपॉक्सीला नीट घट्ट होऊ देत नाही. जोडाचं सीलर इपॉक्सीवर, उघड्या पत्र्यावर नाही. पुट्टीचंही तेच. काही जण पुट्टी थेट घासलेल्या पत्र्यावर लावतात आणि तिची पकड चांगली बसते हेही खरं, पण वेल्डच्या रेषेवर मी ते करत नाही. पुट्टी ओल शोषते आणि खाली बारीक भोकं असली की ओल कुठे जाणार हे सांगायला नको.

सगळ्यात शेवटी पोकळीचं मेण. रंग भट्टीतून निघून थंड झाल्यावरच. एकदा मी घाईत आधी मारलं, मेणाचा तुषार शेजारच्या पॅनेलवर गेला आणि रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडले. ते पॅनेल उतरवून परत करावं लागलं. चारी बाजूंना फवारणारं तोंड असलेली लवचिक नळी टोकापर्यंत सरकवा आणि फवारत हळू मागे ओढा. हात बसेपर्यंत पुठ्ठ्याच्या नळीत सराव करा, मग ती फाडून बघा. कोरडे पट्टे दिसले तर तुमची ओढ जास्त वेगाची आहे. निचऱ्याच्या भोकांतून मेण ठिबकलं म्हणजे ते खालच्या शिवणीपर्यंत पोहोचलं. मग तारेने ती भोकं मोकळी करा. भोकं बुजलेला सिल म्हणजे पाण्याची टाकी. मेण मारल्यावर जवळपास वेल्डिंग नाही, ते पेट घेतं.

खालून रबरी अंडरकोट जाड थापून भागेल, असं कुणी सांगेलच. त्याला एक तडा गेला की पाणी मागे शिरतं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. मी पातळ मारतो आणि जोडावर नाहीच.

तुमच्या गाडीत टोक आत घुसलं तर तेवढा तुकडा कापून नव्याने करावा लागेल. पत्रा टणक असेल तर फोडांची जागा उघडी करून भोकं वेल्डने भरा, इपॉक्सीपासून पुन्हा चढत या आणि आत मेण मारा. आणि काढलेला जुना सिल अजून पडून असेल तर तो उभा चिरा. कारखान्याचं मेण कुठवर पोहोचलं होतं आणि गंज कुठल्या कोपऱ्यात सुरू झाला, हे आतल्या बाजूला स्पष्ट दिसेल. तुमची नळी पहिल्यांदा त्याच कोपऱ्यात गेली पाहिजे.