फलाट संपतो तिथे कोणाची हद्द सुरू होते?

वाचकांचे प्रश्न : लोकल, स्थानक आणि स्थानकाबाहेरचा रस्ता

या वेळी आलेली बहुतेक पत्रे ठाण्यापलीकडच्या वाचकांची आहेत आणि त्यांत एक सूर वारंवार उमटला आहे. गाडीतला प्रवास कसाबसा पार पडतो, पण घरातून फलाटापर्यंत आणि फलाटावरून घरापर्यंत पोहोचताना जीव मेटाकुटीला येतो, आणि तक्रार घेऊन जावे तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी डोंबिवलीहून रोज सकाळी जलद लोकलने मुंबईला जाते. ठाणे ते दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाल्यावर गर्दी कमी होईल, असे आम्हाला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात दारात लटकणाऱ्यांची संख्या तशीच आहे. गाड्या का वाढत नाहीत? (एक वाचक, डोंबिवली पूर्व)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. त्यातला एकच तपशील आधी नीट मांडतो. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी या मार्गिकांचे उद्घाटन झाले, तेव्हा ३६ नव्या फेऱ्याही सुरू करण्यात आल्या. मात्र त्यांपैकी ३४ वातानुकूलित होत्या, आणि द्वितीय श्रेणीच्या साध्या पासावर त्या गाडीत चढता येत नाही. वेळापत्रकात फेऱ्या वाढल्या, पण दारात लटकणाऱ्या माणसाच्या वाट्याला त्या आल्या नाहीत.

या मार्गिकांमुळे काय बदलले, तेही पाहू. पारसिकच्या डोंगरातील १९१६ सालच्या बोगद्यातून पूर्वी जलद लोकल धावत असत. आता तो मार्ग मुख्यतः मेल-एक्स्प्रेस गाड्यांना दिला आहे आणि जलद लोकल कळवा-मुंब्र्याच्या बाजूने जातात. त्यामुळे ठाणे ते दिवा या पट्ट्यात लांब पल्ल्याच्या गाड्या लोकलच्या वाटेतून बाजूला झाल्या. परंतु डोंबिवलीची गाडी काही ठाण्याला संपत नाही. कुर्ल्यापुढे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत या दोन मार्गिका अजून पोहोचलेल्या नाहीत, म्हणून तेथे एक्स्प्रेस गाड्या लोकलच्याच रुळांवर येतात. आणि इकडे कल्याणपुढे कसारा आणि कर्जत या दोन्ही दिशांना मार्गिका वाढवण्याचे काम मागे राहिले आहे. पाट मधेच रुंद केला आणि दोन्ही टोके अरुंद ठेवली, तर शेतात पाणी तेवढेच येणार.

दुसरे कारण रस्त्याचे आहे. दिव्याचे फाटक वाहनांसाठी उघडले की गाड्या सिग्नलला थांबतात, आणि त्यांच्यामागून येणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रकही कोलमडते. म्हणजे दिव्यातील उड्डाणपूल हा रस्त्याचा प्रश्न वाटला, तरी तो डोंबिवली, कल्याण आणि बदलापूरच्या प्रवाशाच्या वक्तशीरपणाचाही प्रश्न आहे.

माझे स्पष्ट मत असे की, नव्या फेऱ्यांची वाट पाहत बसण्यापेक्षा बारा डब्यांच्या गाड्या पंधरा डब्यांच्या कराव्यात, हा आग्रह आपण धरला पाहिजे. तीन डबे वाढले की तेवढ्याच फेरीत पाव पट जास्त माणसे जातात आणि त्यासाठी रुळांवर नवी जागा लागत नाही. लागते ती फलाटांची लांबी आणि सिग्नलांच्या जागांतील फेरबदल. हे काम नव्या मार्गिकेइतके प्रचंड नाही आणि त्यासाठी घरे हलवावी लागण्याचे प्रसंगही तुलनेने थोडे येतात. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून जात असताना दारातील प्रवासी खाली पडले आणि त्यांतील किमान चार जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर स्वयंचलित दारांची चर्चा सुरू झाली आणि ती व्हायलाच हवी. पण दार लावायचे तर आधी आत उभे राहण्यापुरती जागा हवी.

कार्यालयांच्या वेळा बदलण्याचा उपायही लहान नाही. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने नोव्हेंबर २०२३ पासून स्वतःच्या कार्यालयासाठी दोन वेगळ्या वेळा ठेवल्या आणि इतर आस्थापनांनाही तसे करण्याची विनंती केली. आपल्या कार्यालयात हा विषय काढून पाहावा.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ गर्दीच्या वेळी लोकलमधून पडून गेला. त्याच्या खिशात पास सापडला नाही. पासाशिवाय भरपाई मिळत नाही, असे आम्हाला सांगण्यात आले आणि आम्ही गप्प बसलो. हे खरे आहे का? (एक वाचक, कळवा)

उत्तर : हे खरे नाही, आणि अशा सांगोवांगीमुळे अनेक कुटुंबे हक्काच्या रकमेला मुकतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १२३ मध्ये ‘अनुचित घटना’ या संज्ञेत प्रवाशाचे गाडीतून अपघाताने पडणे स्पष्टपणे धरले आहे, आणि कलम १२४-अ नुसार अशा घटनेत रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. प्रवाशाने निष्काळजीपणा केला, तो दारात उभा होता, एवढ्यावर दावा फेटाळता येत नाही. आत्महत्या, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशेच्या किंवा मनोविकाराच्या अवस्थेतील कृत्य आणि नैसर्गिक आजार हे अपवाद आहेत. तिकिटाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या रीना देवी प्रकरणात सांगितले आहे की, मृताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून तो अधिकृत प्रवासी नव्हता असे ठरत नाही. वारसाने प्रतिज्ञापत्राने आवश्यक तथ्ये मांडली की ती खोडून काढण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. मृत्यूसाठी भरपाईची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये आहे, आणि हातपाय गमावण्यासारख्या दुखापतींसाठी नियमांच्या परिशिष्टात वेगवेगळ्या रकमा ठरवल्या आहेत.

दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे, घटनेपासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. मुदत उलटून गेली असल्यास विलंबाचे सबळ कारण देऊन तो माफ करण्याची विनंती करता येते, तेव्हा वर्ष संपले म्हणून आशा सोडू नका. लोहमार्ग पोलिसांचा पंचनामा, स्थानक प्रबंधकांनी पोलिसांना पाठवलेला मेमो, शवविच्छेदनाचा अहवाल आणि रुग्णालयाची कागदपत्रे यांच्या प्रती आजच मागून घ्या. भाऊ नियमित पास काढत असल्यास जुने पास, ओळखपत्राचा क्रमांक, मोबाइलवर पास काढला असल्यास बँक खात्यातील नोंद, तो ज्या ठिकाणी काम करत होता तेथील हजेरीपत्रक, हे सारे उपयोगी पडते. वकील देण्याची ऐपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत सल्ला मिळतो.

एक गोष्ट मात्र मनावर दगड ठेवून सांगावी लागते. रूळ ओलांडताना गाडीची धडक बसली, तर या तरतुदीचा आधार सहसा मिळत नाही, कारण ते अनधिकृत प्रवेश मानले जाते आणि कलम १४७ खाली तो गुन्हाही आहे. घरातील मुलांना हे जरूर सांगा.

प्रश्न : मी नुकताच नोकरीसाठी लातूरहून अंबरनाथला राहायला आलो आहे. एकदा चुकीच्या लोकलमध्ये बसून टिटवाळ्याला पोहोचलो. दर्शकावरील अक्षरे कशी वाचायची? (एक वाचक, अंबरनाथ)

उत्तर : कल्याणला मार्ग दुभंगतो, हे आधी मनात पक्के करावे : एक फाटा टिटवाळा-कसाऱ्याकडे, दुसरा अंबरनाथ-बदलापूर-कर्जतकडे. दर्शकावर ‘एन’ दिसले की गाडी कसाऱ्याची आणि ‘एस’ दिसले की कर्जतची. आपल्याला ‘ए’ म्हणजे अंबरनाथ, ‘बीएल’ म्हणजे बदलापूर किंवा कर्जतची गाडी चालेल. शेजारी जलद की धीमी याचे अक्षर असते, आणि जलद गाडीचे ‘एफ’ पाहून कोणत्या स्थानकांवर ती थांबत नाही, ते दर्शकाच्या खालच्या ओळीत वाचावे. दादरला बदली करत असल्यास एवढे ध्यानात ठेवा की डिसेंबर २०२३ पासून तेथील फलाटांना सलग क्रमांक आहेत : पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४. जुन्या सवयीने कोणी ‘एक नंबरला या’ म्हणाले, तर कोणत्या रेल्वेच्या, ते विचारून घ्या.

प्रश्न : आमच्या स्थानकाच्या पुलावरून उतरल्यावर रस्त्यापर्यंत चालायला वाट नाही. फेरीवाले, रिक्षा आणि उघडे गटार. रेल्वेकडे तक्रार केली, तर ही महापालिकेची जागा म्हणतात; महापालिका म्हणते रेल्वेची. कोणाकडे जावे? (एक वाचक, कल्याण पूर्व)

उत्तर : आपण वर्णन केलेली जागा माझ्या डोळ्यांसमोर आहे. गेल्या पावसाळ्यात अशाच एका स्थानकाबाहेर मी सायंकाळी सव्वासात ते आठ उभा होतो. पुलाच्या शेवटच्या पायरीपासून पहिल्या रिक्षापर्यंत जेमतेम पंचवीस पावले. त्यांत गटारावर टाकलेली एक फरशी होती, आणि तिच्यावर पाय पडला की ती डुगडुगून खालचे काळे पाणी मागच्या माणसाच्या कपड्यांवर उडवत होती. दर गाडीमागे माणसांचा लोंढा त्या फरशीपाशी अडत होता, मागचे पुढच्यांवर रेटा देत होते, आणि पुलाच्या जिन्यावर उतरायलाच जागा उरत नव्हती. फरशी कोणाच्या मालकीची, एवढ्यावर ती दुरुस्ती अडली होती.

अशी अडवणूक जिवावर बेतते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. पूल अरुंद होता, पाऊस आला म्हणून माणसे जिन्यावर थांबून राहिली, आणि वरून येणाऱ्यांना वाट मिळाली नाही. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये रेल्वे स्थानकांपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्याच वेळी २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार त्यांना पर्यायी जागा देणे हे महापालिकेचे काम आहे. मला तरी हा दोष एकट्या भाजीवालीचा वाटत नाही. घरी जाणारा माणूस तिच्याकडूनच कोथिंबिरीची जुडी घेतो, आणि तिला पन्नास पावलांवर छपराखाली जागा दिली, तर तोही तिथे जाईल.

आता आपण काय करावे. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून स्थानकाबाहेरील रेल्वेच्या हद्दीचा नकाशा आणि त्या तुकड्याच्या देखभालीची जबाबदारी कोणाची, हे विचारा. त्या कायद्याच्या कलम ६(३) मध्ये अशी तरतूद आहे की, मागितलेली माहिती दुसऱ्या प्राधिकरणाशी संबंधित असेल, तर अर्ज पाच दिवसांच्या आत तिकडे वर्ग करावा लागतो. ‘आमचे नाही’ असे म्हणून अर्ज परत करता येत नाही. नकाशा हाती आला की त्याची प्रत जोडून एकच पत्र विभागीय रेल्वे व्यवस्थापक आणि महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाला पाठवा, आणि दोन्ही पत्रांवर दुसऱ्याचा पत्ता लिहा. तातडीचा धोका असल्यास १३९ वर नोंद करून तक्रार क्रमांक जपून ठेवा.

रिक्षांबाबतही दोन शब्द. १ फेब्रुवारी २०२५ पासून महानगर प्रदेशात मीटरचे किमान भाडे पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये करण्यात आले. मीटरने यायला नकार देणे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १७८ खाली दंडनीय आहे, तेव्हा वाहन क्रमांक, वेळ आणि थांब्याचे नाव टिपून परिवहन कार्यालयाकडे तक्रार करावी. मात्र दंडापेक्षा रस्त्याची आखणी महत्त्वाची. पुलाच्या पायथ्याशी सगळ्यांत जवळची जागा बसला, तिच्यानंतरची रिक्षाला, आणि खासगी गाडी सर्वांत लांब, हा क्रम ठेवला, तर निम्मा गोंधळ शिपायाविना सुटेल. ठाणे पश्चिमेला बसगाड्या वरच्या मजल्यावर नेऊन खाली मोकळी जागा काढली आहे. ती व्यवस्था निर्दोष नाही, पण बसला पहिला मान दिला की काय होते, ते तेथे दिसते.

प्रश्न : रुळांवरील उड्डाणपूल बांधायला एवढी वर्षे का लागतात? (एक वाचक, कल्याण पश्चिम)

उत्तर : आपल्याच पत्रीपुलाचे उदाहरण घेऊ. शंभरहून अधिक वर्षांचा जुना पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला आणि नवा २५ जानेवारी २०२१ रोजी खुला झाला. रुळांवरील कामाला गाड्या थांबवून ब्लॉक घ्यावा लागतो. एवढ्या फेऱ्यांच्या मार्गावर तो सुटीच्या दिवशी, काही तासांपुरताच मिळतो, आणि एक गर्डर सरकवण्याच्या तारखेला चुकले तर पुढची तारीख लांबणीवर पडते. शिवाय रुळांवरचा भाग आणि दोन्ही बाजूंचे चढउतार वेगवेगळ्या यंत्रणांकडे असतात. अंधेरीच्या गोखले पुलाची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली झाली, तेव्हा तिची उंची शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी जुळत नसल्याचे साऱ्या शहराने पाहिले. तो उड्डाणपूल नंतर उचलून जोडावा लागला. दोन नकाशे आधी एका टेबलावर ठेवले असते, तर हा खर्च आणि हा मनस्ताप टळला असता.

प्रश्न : माझे वय ७३ आहे. सरकता जिना वर जातो, खाली उतरायला मात्र नेहमीचा जिनाच असतो, आणि गुडघ्यांना उतरणेच जड जाते. आमच्यासाठी काही सोय आहे का? (एक वाचक, ठाकुर्ली)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. गुडघेदुखीच्या माणसाला चढण्यापेक्षा उतरणे अवघड, हे जिना बसवणाऱ्यांच्या लक्षात यायला हवे होते. जिथे लिफ्ट आहे, तिथे ती बहुधा पुलाच्या एकाच टोकाला असते. म्हणून आपल्या स्थानकात ती कोणत्या डब्यासमोर येते, हे एकदा शांत वेळी पाहून ठेवावे आणि त्याच डब्यात बसावे. ज्येष्ठांसाठी डब्यात राखीव आसने आहेत, आणि मध्य रेल्वेने २०२५ मध्ये माटुंगा कार्यशाळेत एका लोकलच्या मालडब्याची जागा ज्येष्ठांसाठी वेगळी करून दिली आहे. ही सोय प्रत्येक गाडीत यावी, यासाठी आपल्या इमारतीतील ज्येष्ठांच्या सह्यांचे एक पत्र विभागीय व्यवस्थापकांना पाठवा, आणि दुपारी अकरा ते चार या वेळेत एक सरकता जिना खाली येणारा ठेवावा, ही मागणीही त्याच पत्रात घाला. त्या वेळी चढणाऱ्यांची गर्दी नसते, आणि जिन्याची दिशा उलटवता येते.