जकात म्हणजे खैरात नव्हे

प्रश्न आलाय की मुलुंडच्या जकात नाक्यातली जकात आणि मुसलमान रमजानात काढतात ती जकात, शब्द एकच का?

एकच. अरबी शब्द, फारसीतून आला, सुलतानी अमलात मालावरच्या वसुलीला चिकटला. शिवाजी महाराजांनी १६७१ साली पोर्तुगीजांच्या बारदेशातनं (गोव्यातनं) येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवली ती हीच, आणि मुंबईतली १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली, नाक्याचं नाव तेवढं राहिलं.

पण दर रमजानला कानावर पडतं 'जकात म्हणजे खैरात', त्याने डोकंच फिरतं. अहो, खैरात मर्जीची असते, दिली तर दिली. जकात इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक आहे, तिथे मर्जी कसली? भेंडी बाजारात ओळखीचे एक कापडवाले आहेत, त्यांना हिशेब करताना बघितलंय मी. रोकड, दुकानातला माल, लोकांकडून येणं, त्यातनं देणं वजा, आणि उरेल त्याला भागिले चाळीस, ती जकात. म्हटलं चाचा, बरंच दान करताय, तर म्हणाले, "दान कैसा? ये मेरा था ही नहीं." कुराणात (५१:१९) अगदी हेच आहे, मालमत्तेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा 'हक्क' असतो. हक्क हा शब्दसुद्धा तिथलाच.

आता गंमत बघा. कुराणाच्या जुन्या लिखाणात जकातच्या शेवटच्या 'आ'साठी अलिफ (आ चं अक्षर) नाही, वाव (व-ऊ चं अक्षर) आहे, आणि सलात म्हणजे नमाजमध्येही तसंच. व्याकरणवाले म्हणतात, धातू अरबीच, अर्थ वाढणे, शुद्ध होणे, आणि वाव ही हिजाजी, म्हणजे मक्का-मदिनेकडच्या उच्चाराची खूण. मला हे अजिबात पटत नाही. अरामीत (ज्यू आणि पूर्वेकडचे ख्रिश्चन वापरायचे ती जुनी भाषा) 'जाखूता' आहे, हिब्रूत 'जखूत', म्हणजे पुण्याई, निर्दोषपणा, आणि अरामीत प्रार्थनेला 'स्लोता'. तो वाव तिथला आहे! काही अभ्यासक सिरियाक, म्हणजे अरामीचीच एक बोली वापरणाऱ्या ख्रिश्चनांकडे बोट दाखवतात, पण मक्केचे व्यापारी शामकडे, म्हणजे सीरियाकडे निघाले की वाटेत यस्रिब, म्हणजे पुढचं मदिना, आणि तिथे कैनुका, नजीर, कुरैजा अशा ज्यू टोळ्या राहत होत्या. अरबीत हा शब्द ज्यूंकडूनच आला हे माझं पक्कं मत आहे.

विचार तर त्याहून जवळचा. ज्यूंचा धर्मग्रंथ तोरात सांगते, शेताचे कोपरे कापू नका, गरिबाला ठेवा. कुराण (६:१४१) सांगतं, कापणीच्या दिवशीच त्याचा हक्क देऊन टाका. आपल्याकडे बलुतेदार खळ्यावर यायचा तो भीक मागायला नाही, स्वतःचा वाटा न्यायला, तसंच हे. ज्यू लोक दानाला 'त्सदाका' म्हणतात, त्याचा धातू न्यायाचा, अरबी 'सदका', म्हणजे दान, त्याचा सख्खा भाऊ आणि सिद्दिकी आडनावही त्याच घरचं.

मराठीतली 'तसदी' मात्र कृपा करून ह्यात ओढू नका, तिचा धातू वेगळा, अरबीतला डोकेदुखीचा शब्द त्यातलाच.