पडौकचा लाल रंग टिकेल का?

प्रश्न : पडौक (लाल लाकूड) आणि मेपल (फिकट लाकूड) जोडून पेटी केली. लाखेचं पॉलिश मारताना मेपलवर तांबूस डाग पडले. शिवाय पडौकचा लाल रंग पुढे तपकिरी होतो म्हणतात. काय करावं?

उत्तर : डाग पडौकच्या भुकटीचे आहेत. तिच्यातलं रंगद्रव्य पाण्यात फारसं विरघळत नाही, स्पिरिटमध्ये मात्र चटकन विरघळतं. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्येच असतं. फडका पडौकवरून मेपलवर गेला की रंग रंध्रांत उतरतो. डाग जाईपर्यंत १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग २२०ने. भुकटी व्हॅक्यूमने ओढा; थिनरचा बोळा अजिबात नको. नंतर वॉटर-बेस्ड अ‍ॅक्रिलिक क्लिअरचे (पारदर्शक लेपाचे) पातळ कोट स्प्रेनेच द्या. ब्रश रंग ओढत नेतो.

तपकिरीपणा हा प्रकाश आणि हवेतल्या ऑक्सिजनचा परिणाम. क्लिअर घेताना डब्यावर यूव्ही शोषक आणि ‘हाल्स’ (HALS) दोन्ही असल्याचं पाहा. शोषक अतिनील किरण अडवतो, हाल्स कोटाची झीज रोखतो. पण साधा उजेडही रंग बदलतो, त्यामुळे बदल लांबतो, थांबत नाही. खरा फरक जागेने पडतो : खिडकीसमोर पेटी ठेवू नका, काचेतूनही बरेच किरण आत येतात. जवसाचं तेल टाळा. ते स्वतःच पिवळं पडतं.

पर्पलहार्ट हे जांभळं लाकूड वापरणार असाल तर उलट घाई नको. ताजा कापलेला तुकडा मळकट दिसतो, काही दिवसांत जांभळा होतो. रंग चढला की मगच क्लिअर मारा.