वाचकांचे प्रश्न : सिग्नलवर थरथरणारे इंजिन

प्रश्न : माझ्याकडे २०१५ सालची, चार सिलिंडरची पेट्रोल-सीएनजी गाडी आहे. ती एक लाख किलोमीटरच्या वर चालली असून त्यातले बहुतेक अंतर सीएनजीवर झाले आहे. सकाळी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे ती बरी चालते; मात्र दांडिया बाजारातून निघून काळ्या घोड्याच्या चौकात थांबेपर्यंत इंजिन मिसिंग करू लागते (मधूनच एखादा स्फोट चुकतो), स्टिअरिंग थरथरते आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर अडखळून मगच पिकअप घेते. हालोल रस्त्यावर वेगात असताना काही जाणवत नाही. पेट्रोलवर घेतली तरी त्रास तोच. स्कॅनरवर पी ०३०३ (तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग) हा कोड येतो. चारही प्लग आणि तिसऱ्या सिलिंडरची कॉइल बदलली, थ्रॉटल बॉडी साफ केली. आता गॅरेजवाले इंजेक्टर बदलायला सांगत आहेत. इंजिनाचा आवाज अगदी शांत आहे, म्हणून आतून ते चांगलेच असावे असे मला वाटते. काय करावे?
– एक वाचक, बडोदा

उत्तर : इंजेक्टर आत्ता बदलू नका. पेट्रोल आणि सीएनजी या दोन्ही इंधनांवर त्रास सारखाच आहे, हे आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. आपल्या प्रकारच्या गाडीत पेट्रोलचे इंजेक्टर वेगळे आणि गॅसचे वेगळे असतात. दोन्ही संच एकाच वेळी, नेमके तिसऱ्याच सिलिंडरला बिघडावेत ही शक्यता फार थोडी. कॉइल-प्लगमधला दोष सहसा आधी सीएनजीवर उघडा पडतो, कारण गॅस पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते, आणि ते दोन्ही भाग तर आपण बदललेलेच आहेत. खात्रीसाठी तिसरी आणि पहिली कॉइल अदलाबदल करून पाहावी. कोड बदलून पी ०३०१ झाला तर दोष कॉइलचा. तो तिसऱ्यावरच राहिला तर कॉइलचा विषय संपला. मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून किंवा फाटलेल्या व्हॅक्यूम नळीतून हवा शिरत नाही ना, तेही याच वेळी बघून घ्यावे.

यानंतर संशय उरतो तो सिलिंडर नीट बंद होण्यावर, आणि आपण दिलेली लक्षणे इनटेक व्हॉल्व्हकडे, म्हणजे मिश्रण आत घेणाऱ्या झडपेकडे, बोट दाखवतात. हा व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे तो ज्या कड्यावर टेकतो त्यावर, घट्ट बसला नाही, तर पिस्टन वर येताना दाबले जाणारे मिश्रण मागे मॅनिफोल्डमध्ये निसटते. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन चालू असताना मिनिटाला साधारण ८०० फेऱ्यांच्या आसपास, प्रत्येक दाबाला निसटायला भरपूर वेळ मिळतो, त्यामुळे त्या सिलिंडरचा स्फोट दुबळा होतो किंवा होतच नाही. मागे आलेल्या या फुंकरीने मॅनिफोल्डमधला दाबही हलतो, सेन्सर चुकीचे माप देतो, आणि पाय दाबल्यावर गाडी अडखळते. वेग वाढला की निसटायला वेळच उरत नाही, म्हणून हालोल रस्त्यावर आपल्याला काही जाणवत नाही. हीच गाडी पावागडच्या माचीच्या चढावर कमी फेऱ्यांत चालवलीत, तर मात्र दोष लगेच दिसेल.

त्रास गरम झाल्यावर वाढतो, यालाही अर्थ आहे. व्हॉल्व्हवर कार्बन साचला असेल तर बहुधा उलटे घडते: थंड इंजिनात कार्बन स्पंजाप्रमाणे पेट्रोल शोषून घेतो, सकाळी गाडी अडखळते आणि तापल्यावर सुधारते. आपल्याकडे मला टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो उघडणारी यंत्रणा यांच्यातली मोकळी जागा, कमी झाल्याचा संशय अधिक येतो. सीएनजी हे कोरडे इंधन आहे. पेट्रोल व्हॉल्व्ह आणि सीटवर जो थोडा ओलावा सोडते, तो गॅस सोडत नाही. त्यामुळे सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि मिलिमीटरच्या साधारण पाचव्या भागाएवढी असलेली फट मिटत जाते. पुढे इंजिन तापून व्हॉल्व्हची दांडी लांबली की तो पूर्ण बंदच होत नाही. म्हणून इंजिनाच्या शांत आवाजावर विश्वास ठेवू नये. फट वाढली तर टॅपेट टकटक करतो आणि मालकाला सावध करतो. फट कमी झाली तर तो गप्प बसतो, आणि नुकसान त्या गप्प टॅपेटकडूनच होते.

तपासणीची सुरुवात कॉम्प्रेशनपासून, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाच्या मोजणीपासून, करावी. इंजिन गरम करून चारही प्लग काढावेत, इंधन बंद ठेवावे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवावा आणि गेजवरचा आकडा लिहून ठेवावा. पेट्रोल इंजिनात हा दाब बहुधा १५० ते २०० पीएसआयच्या दरम्यान असतो, पण नेमक्या आकड्यापेक्षा चार सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा. तो दहा-पंधरा टक्क्यांच्या वर गेला तर कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. जागचा हलला नाही तर गळती व्हॉल्व्हमधून किंवा हेडच्या (इंजिनाच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाच्या) गॅस्केटमधून आहे. सकाळच्या थंड इंजिनावरही एकदा मोजून घ्या. थंडपणी दाब चांगला आणि गरमपणी पडलेला असेल, तर फटीचा संशय पक्का होत जातो.

त्याहून बोलकी परीक्षा लीक-डाऊनची, म्हणजे हवा भरून गळती शोधण्याची, आहे. तिसरा पिस्टन दाबाच्या फेरीत अगदी वर आणून, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडतात आणि कान लावतात. एअर फिल्टर काढून थ्रॉटल उघडल्यावर तिथे सूं असा आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह गळतो आहे. सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट. ऑइल भरण्याच्या तोंडातून आला तर रिंगा. आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. हवा सोडताना इंजिन अचानक फिरू शकते, म्हणून पुलीजवळ हात ठेवू नये. ही परीक्षा आपण समोर उभे राहून करून घ्यावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. तो आवाज स्वतः ऐकल्यावर हेड उतरवायचे की नाही, याबद्दल वाद उरत नाही.

हेड उतरवण्याआधी थंड इंजिनावर फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) टॅपेटची फट मोजून घ्यावी आणि कंपनीच्या पुस्तकातल्या मापाशी ताडून पाहावी. फट कमी असून सीट शाबूत असेल तर फक्त टॅपेट सेटिंगवर, थोडक्या खर्चात काम भागू शकते. सेटिंगनंतरही दाब कमीच आला तर मात्र हेड मशीन शॉपमध्ये द्यावे लागेल: सीट कापून किंवा बदलून, व्हॉल्व्ह लॅप करून (सीटवर घासून बसवून), गाइडमध्ये (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यात) खेळ असल्यास गाइड आणि स्टेम सील (दांडीवरचे ऑइल अडवणारे सील) नवे घालून. नुसत्या लॅपिंगवर भागवणारा कारागीर स्वस्त पडतो, पण झिजलेल्या गाइडमध्ये डुगडुगणारा व्हॉल्व्ह नवी सीटही खराब करतो.

तोपर्यंत चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला तर गाडी चालवू नये. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन पेटते आणि तो भाग महागडा आहे. काम झाल्यावर काही हजार किलोमीटरनंतर टॅपेटची फट पुन्हा मोजून घ्या, कारण नवी सीट सुरुवातीला थोडी बसते, आणि सीएनजीवर चालणार असाल तर ही मोजणी प्रत्येक मोठ्या सर्व्हिसिंगला करून घेत जा.