शेजारच्या काँक्रीट प्लांटची धूळ आणि बाबांचं हृदय: उपचारांचा खर्च मागता येईल का?

प्रश्न: आम्ही मुंबईच्या पूर्व उपनगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. सव्वा वर्षापूर्वी सोसायटीसमोर, रस्त्यापलीकडे रेडीमिक्स काँक्रीटचा प्लांट सुरू झाला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गाड्यांची ये-जा असते. डिसेंबरात बाबांना हार्ट अटॅक आला, दोन स्टेंट टाकावे लागले. त्यांचं वय ६७, मधुमेह जुना आहे, तंबाखू दहा वर्षांपूर्वी सोडली. डॉक्टर म्हणतात, धुळीपासून लांब ठेवा. प्लांटवाल्यांना भेटले तर म्हणाले, "शुगरचा पेशंट आहे, आमचा काय संबंध?" सोसायटीच्या ग्रुपवर मी "यांनी माझ्या वडिलांना मारायला टाकलंय" असं लिहिलं, तर अब्रुनुकसानीच्या दाव्याची धमकी आली. कमिटी या भानगडीत पडायला तयार नाही. खर्च मागता येईल का? मी एकटी काय करू शकते?

सल्ला:

ताई, खर्च मागता येतो. एकटीने मागता येतो. कमिटीच्या ठरावाची त्यासाठी गरज नाही.

मात्र "तुमच्या प्लांटमुळेच अटॅक आला" या एका वाक्यावर अख्खी केस उभी करू नका. समोरच्या वकिलाला नेमकं तेच हवं आहे. तो बाबांची फाइल उघडेल, मधुमेह दाखवेल, तंबाखू दाखवेल, आणि विचारेल की याच धमनीत गुठळी या प्लांटच्या धुळीने झाली हे कोणता डॉक्टर शपथेवर सांगतो? असा डॉक्टर तुम्हाला मिळणार नाही, आणि मिळाला तरी तो उलटतपासणीत टिकणार नाही. केस उभी करायची ती प्रदूषण मंडळाने प्लांटला संमती देताना घातलेल्या आणि प्लांटने मोडलेल्या अटींवर. बाबांचा आजार हा त्या नियमभंगाने कोणाचं आणि काय नुकसान होतं याचा पुरावा म्हणून यायला हवा.

आधी विज्ञान काय सांगतं ते बघू, कारण "आमचा काय संबंध" याचं उत्तर तिथेच आहे. हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की लोकांना दमा आठवतो. प्रत्यक्षात बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाने २०१९ मध्ये झालेल्या अकाली मृत्यूंपैकी सुमारे ६८ टक्के मृत्यू हृदयविकार आणि पक्षाघाताने झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, तिथे दाह निर्माण करतात आणि त्याचा परिणाम रक्तापर्यंत पोचतो. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, आधीपासून साचलेला चरबीचा थर फुटण्याची शक्यता वाढते. वय झालेल्या, मधुमेह असलेल्या माणसाला हा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणजे मधुमेहाचं कारण पुढे करून प्लांटवाले सुटत नाहीत. नुकसान भरपाईच्या कायद्याचं जुनं तत्त्व आहे की ज्याला इजा झाली तो आधीच नाजूक प्रकृतीचा होता, ही सबब इजा करणाऱ्याला मिळत नाही.

एक अडचण आत्ताच सांगतो, नाहीतर ती सुनावणीत अंगावर येईल. सिमेंट आणि खडीची धूळ बरीचशी जाडसर, पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या गटातली असते. हृदयाशी सगळ्यात घट्ट नातं आहे ते पीएम २.५ चं, आणि ते जास्त करून येतात इंधन जळण्यातून, म्हणजे इथे डिझेलच्या धुरातून. म्हणून फक्त धुळीचे फोटो काढून भागणार नाही. गेटबाहेर इंजिन चालू ठेवून रांगेत उभे असलेले ट्रान्झिट मिक्सर (काँक्रीट वाहून नेणारे फिरत्या ड्रमचे ट्रक) आणि प्लांटचा जनरेटर, या दोन्हींची नोंद तेवढीच महत्त्वाची आहे.

आता कायदा. तुमची जागा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं, म्हणजे पर्यावरणाच्या प्रकरणांसाठीच्या खास न्यायसंस्थेचं, पुणे खंडपीठ. न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्याचं कलम १५ प्रदूषणाने बाधित झालेल्या माणसाला भरपाई आणि त्या परिसराचं पर्यावरण पूर्ववत करण्याचा आदेश, दोन्ही मागू देतं. भरपाई कशाकशाची, हे त्याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत दिलं आहे. त्यात आजारपण आहे, उपचारांचा खर्च आहे, बुडालेली मजुरी आहे. दिवाणी कोर्टात जाऊ नका. जे न्यायाधिकरण देऊ शकतं ते दिवाणी कोर्टाने देण्याला कलम २९ आडवं येतं, आणि तुमची दोन वर्षं अधिकारक्षेत्राच्या वादातच जातील.

प्लांटवाले पुढे म्हणतील, "अख्ख्या मुंबईची हवा खराब आहे, हायवे शेजारी आहे, मागे टॉवरचं काम चालू आहे, मग आम्हीच का?" त्यासाठी कलम १७ चं दुसरं उपकलम वाचून ठेवा. नुकसान एकाच उद्योगामुळे झालं असं म्हणता येत नसेल, ते अनेकांच्या कामाचा एकत्रित परिणाम असेल, तर न्यायाधिकरण जबाबदारी न्याय्य पद्धतीने वाटून देऊ शकतं. हवेच्या बाबतीत हे कलम सोन्यासारखं आहे, पण अर्जांमध्ये ते फार कमी दिसतं. त्याच्या जोडीला कलम २०: खबरदारीचं तत्त्व (पक्क्या शास्त्रीय पुराव्याची वाट न बघता धोका आधीच रोखावा) आणि 'प्रदूषण करणाऱ्याने भरावं' हे तत्त्व लावणं न्यायाधिकरणाला बंधनकारक आहे. १९९९ मध्ये नायडू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की आपलं काम पर्यावरणाला अपायकारक नाही हे दाखवण्याचा भार काम करणाऱ्यावर असतो.

मुदतीकडे नीट लक्ष द्या. कलम १४ खाली नुसता पर्यावरणाचा वाद न्यायचा तर कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहाच महिने मिळतात, वर पुरेसं कारण दाखवलं तर ६० दिवस. प्लांट सुरू होऊन सव्वा वर्ष झालं, तेव्हा मुदत संपली हा आक्षेप पहिल्याच तारखेला येणार. कलम १५ ला मात्र पाच वर्षं आहेत. अर्ज कलम १५ खालीच करा, आणि त्यातच धूळ थांबवण्याचा अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा, आदेश मागा. तो द्यायचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. पाच वर्षं आहेत म्हणून निवांत बसू नका, कारण बाबा रोज तीच हवा घेतायत.

अर्जाआधी पुरावा जमवा. तुमचा तिसरा मजला यासाठी सोयीचा आहे. प्लांटवर सिमेंट साठवायच्या उंच गोल टाक्या, म्हणजे सायलो, दिसतील. बल्कर (सुटं सिमेंट आणणारा टँकर) येतो तेव्हा हवेच्या दाबाने सिमेंट पाइपातून वर सायलोत ढकललं जातं आणि ती हवा माथ्यावरच्या फिल्टरमधून बाहेर पडते. फिल्टरच्या पिशव्या फाटलेल्या असतील किंवा साफच केल्या नसतील तर माथ्यावरून पांढरा लोट निघतो. तो लोट व्हिडिओत तारीख-वेळेसह टिपा. खडी वाहणारा पट्टा उघडा आहे का, खडी-वाळूच्या ढिगांवर पाणी मारतात का, बाहेर पडणाऱ्या मिक्सरची चाकं धुतात का, हे बघा. न धुतलेल्या चाकांवरचा चिखल रस्त्यावर वाळतो आणि पुढच्या गाड्यांखाली दळला जाऊन पुन्हा उडतो. घरातली धूळ बरीचशी तिथून येते. मूळ फाइल फोनमध्येच ठेवा, पुढे पाठवून मूळ पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलेलं बरं.

बाजारात मिळणारं हवा मोजायचं छोटं यंत्र घेतलंत तर चालेल. त्याचे आकडे अंतिम पुरावा नाहीत, पण न्यायाधिकरण साक्ष कायद्याच्या काटेकोर नियमांना बांधलेलं नाही, आणि अशा नोंदी पाहून ते सरकारी यंत्रणांच्या संयुक्त समितीला पाहणीला पाठवू शकतं. तुलना भारतीय मानकाशी करा: २४ तासांची सरासरी पीएम २.५ साठी ६० आणि पीएम १० साठी १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १५ आणि ४५ आहे. ती आपल्याकडे बंधनकारक नाही, पण डॉक्टरांच्या पत्राला तिचं बळ मिळतं. जवळच्या सरकारी केंद्राचे डिसेंबरचे आकडेही काढून ठेवा.

डॉक्टरांकडून पत्र मागताना "अटॅक धुळीमुळे आला" असं लिहा म्हणू नका. रुग्णाला कोणता आजार आहे, धूळ आणि धूर त्याला का घातक आहेत, आणि त्यापासून दूर राहण्याचा सल्ला कधी दिला, एवढं लिहून घ्या. डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीचा अहवाल, बिलं सोबत लावा. मेडिक्लेममधून जे मिळालं ते लपवू नका, वेगळं दाखवा.

याच आठवड्यात दोन कामं करा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याकडे आणि पालिकेच्या वॉर्ड ऑफिसला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. सोबत मंडळाकडे माहिती अधिकारात, दहा रुपयांच्या अर्जावर, या प्लांटच्या संमतीपत्राची (मंडळाने प्लांट चालवायला दिलेल्या परवानगीची) प्रत, त्यातल्या अटी, पाहणी अहवाल आणि दिलेल्या नोटिसा मागा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. सगळी केस त्या संमतीपत्रावर फिरणार आहे. अट मोडलेली दिसली तर हवा कायद्याच्या कलम ३१-अ खाली मंडळ प्लांट बंद करायला, त्याची वीज-पाणी तोडायला सांगू शकतं. रात्रीचा आवाजही मंडळाकडच्या त्याच लेखी तक्रारीत घाला. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि मोडलेली झोपही रक्तदाबाला वाईटच.

न्यायाधिकरणातल्या अर्जाची फी मागितलेल्या भरपाईच्या एक टक्का, किमान हजार रुपये. चार लाख मागितले तर चार हजार. शेजारच्या दोन-तीन घरांत बीपीचे, हृदयाचे रुग्ण असतील तर त्यांनाही सोबत घ्या. एकाच रस्त्यावरच्या अनेक फाइली समोर आल्या की "हा एकट्याचा मधुमेह" हे म्हणणं लंगडं पडतं.

पैशांच्या अपेक्षेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चेंबूरजवळच्या माहुल-आंबापाड्याच्या रहिवाशांचं प्रकरण बघा. २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने त्यांच्या आरोग्याला धोका असल्याचं मान्य केलं, आणि ऑगस्ट २०२० मध्ये चार कंपन्यांवर मिळून २८६ कोटी रुपयांची भरपाई ठरवली. ती रक्कम परिसराची हवा सुधारण्यासाठी होती, घरोघरीची बिलं भरण्यासाठी नव्हती. न्यायाधिकरणाचा कल असाच असतो. तुमची बिलं जरूर मागा, पण पट्टा झाकला गेला, फिल्टर बदलले, रात्रीच्या गाड्या थांबल्या, तर बाबांसाठी ते बिलाच्या रकमेपेक्षा मोठं असेल. अर्जातल्या मागण्यांचा क्रमही तसाच लावा.

धमकीचं म्हणाल तर घाबरू नका, पण ग्रुपवरचा तो मजकूर आजच काढून टाका. अधिकार असलेल्या यंत्रणेकडे सद्भावनेने केलेली तक्रार अब्रुनुकसानी ठरत नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येच तसा अपवाद आहे. सोसायटीच्या ग्रुपवरच्या आरोपाला तो लागू नाही. यापुढे ग्रुपवर लिहायचंच असेल तर तक्रारीची तारीख आणि पोच क्रमांक एवढंच लिहा. त्यांची नोटीस आलीच तर उत्तर न देता ती आधी मला पाठवा. संमतीपत्राची प्रत हातात पडली की तीही पाठवा, अर्जाचा मसुदा अटी वाचूनच करू.