फेल झालेल्या जॉबचा रिट्राय: 3 की 25?

तुमच्या टीममध्ये वाद चाललाय की सगळ्या बॅकग्राउंड जॉबना (अ‍ॅपने मागे चालवायला टाकलेल्या कामांना) डिफॉल्ट 3 रिट्राय, म्हणजे फेल झाल्यावर पुन्हा प्रयत्न, ठेवायचे की साइडकिकचे (असे जॉब चालवणाऱ्या रूबीच्या टूलचे) 25 तसेच राहू द्यायचे. माझ्या मते वाद आकड्यावर नकोच. ते काम शिळं कधी होतं, हे आधी ठरवा. साइडकिकचे 25 साधारण तीन आठवडे चालतात. तेवढ्या वेळात बग सापडून दुरुस्त होईल, हा त्यामागचा हिशोब. इन्व्हॉइसच्या पीडीएफला ते चालतं. ओटीपी तीन आठवड्यांनी पाठवून कोणाचं भलं होणार? उलट सेलरीत (पायथॉनमधलं तसंच टूल) डिफॉल्ट 3, दर 180 सेकंदांनी, आणि तेही तुम्ही रिट्राय सांगितला तरच. समोरची सर्व्हिस अर्धा तास झोपली की खेळ खलास.

मी डिफॉल्ट 5 ठेवतो: 30 सेकंद, 2 मिनिटं, 8, 32, मग 128. झाले जवळपास तीन तास. प्रत्येक वेळेत थोडा रँडम फरक मात्र हवाच. दादरला एक फास्ट रद्द झाली की सगळा प्लॅटफॉर्म पुढच्या गाडीवर तुटून पडतो ना, तसे हजारभर जॉब एकाच सेकंदाला परत आले तर नुकता उठलेला सर्व्हर पुन्हा आडवा.

समोरच्या सर्व्हरकडून 400 किंवा 422 एरर (तुम्ही पाठवलेलंच चुकीचं आहे) आला तर रिट्राय करूच नका, चुकीचा डेटा दहाव्यांदाही चुकीचाच असतो. 429 (फार वेळा विचारताय) आला तर उत्तरातला रिट्राय-आफ्टर हेडर वाचा, किती थांबायचं ते त्यात असतं.

आता खरी मेख. अंधेरीतल्या एका ऑफिसात होतो तेव्हा पेमेंटच्या पावतीचा एसएमएस पाठवणारा जॉब होता. प्रोव्हायडर उत्तर द्यायला 10 सेकंदांवर वेळ घेत होता, आमचा टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मर्यादा) 10 चाच. मेसेज जायचा, पण आमच्या लेखी जॉब फेल. एका काकांना एकच पावती चार वेळा गेली. फोनवर पहिलाच प्रश्न, “पैसे चारदा कापले का हो?” कापले नव्हते, पण त्यांना पटवताना घाम फुटला. त्या दिवसापासून जॉब दोनदा चालला तरी परिणाम एकदाच होईल अशी ‘की’ (key, म्हणजे तेच काम पुन्हा आलं हे ओळखायची खूण) नसेल, तर पैसे आणि मेसेजवाल्या जॉबना मी रिट्राय 0 ठेवतो.

आणि रिट्राय संपल्यावर काय? साइडकिक मेलेले जॉब डिफॉल्टने 6 महिने किंवा 10,000 होईपर्यंत सांभाळतं, मग जुने फेकून देतं. तुमच्याकडे त्याचा अलर्ट कोणाला जातो ते बघा. आमचा ज्या चॅनेलवर जायचा, तो सगळ्यांनी म्यूट केला होता.